आरशामागचा टेबललॅम्प

मी एक जुना आरसा आहे. मित्रांनो, माणसाच्या मनाचा तळ पाहिलेले या जगात फार थोडे. त्यांपैकी मी एक. म्हणजे, खरे सांगायचे तर मी एक टेबल, एक खुर्ची आणि बशीतल्या दहा लिमलेटच्या गोळ्या पाहिल्या आहेत.

कारखान्यात माझ्या एका अंगाला पातळ मुलामा दिला आणि मला मानसशास्त्र विभागातल्या दोन खोल्यांमधल्या भिंतीत बसवले. एका खोलीत उजेड ठेवायचा, दुसरीत अंधार. उजेडातल्याला मी आरसा वाटतो, अंधारातल्याला खिडकी. अशा लपून बघण्याला तिथे 'निरीक्षण' म्हणतात. तुम्ही दाराच्या फटीतून बघितलेत तर घरचे कान उपटतात, ही गोष्ट वेगळी.

माझ्या जोरावर विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, एक मोठा प्रयोग मांडला. एकेका मुलाला उजेडात गोळ्यांसमोर बसवायचे, "हात लावू नकोस" असे बजावून एकटे सोडायचे आणि अंधारात बसून सरांनी दहा मिनिटे नोंदी करायच्या. पण अंधारात सरांना स्वतःची वहीच दिसेना. त्यांनी टेबललॅम्प आणला.

मित्रांनो, दोन्हीकडे दिवा लागला की मी निव्वळ काच असतो. एकोणीस वर्षे मुलांना समोर कपाळाला आठ्या घातलेला एक चष्मेवाला दिसत राहिला. कुणाची बिशाद होती गोळी उचलायची? सरांनी मात्र निष्कर्ष काढला : एकटे असताना मूल प्रामाणिक असते. त्याबद्दल त्यांना दोन पदके मिळाली. मला वर्षातून एकदा ओले फडके मिळे.

याच निष्कर्षावर त्यांची एक विद्यार्थिनी पाच वर्षे प्रबंध लिहीत होती. एके दिवशी प्रयोग संपवून निघालेल्या सहा वर्षांच्या चिमुरडीने तिला विचारले, "ताई, ते आजोबा माझ्यावर रागावलेत का?"

"कोण गं आजोबा?"

"ते नाही का, दिवा लावून बसलेत!"

पुढच्या आठवड्यात सर परगावी गेले. तिने दिवा बंद ठेवून वीस मुले बसवली. सतरा जणांनी गोळ्या मटकावल्या. एकाने बशीही चाटली.

सर परतले आणि भडका उडाला.

"सर, मुलांना तुम्ही दिसत होता."

"मी? निरीक्षक दिसत नसतो. पहिल्या वर्षाला शिकवतात हे!"

"दिवा बंद केला तर सतरा जणांनी..."

"कुठून गोळा केलीस ही हावरट पोरं? आरसा बिघडलाय तो. आणि हे प्रबंधात घातलंस ना, तर माझी सही विसर. पाच वर्षं पाण्यात गेली समज."

"घालणार, सर."

एकोणीस वर्षे भिंतीत ताटकळलेल्याला बिघडलेला म्हणतात! त्या दिवसापासून मला त्या माणसाचे तोंड बघवेना. पण दुसरीकडे वळायची सोय कुठे होती?

भांडण तोडायला तीन प्राध्यापकांची समिती आली. शिपायाने तिघांना उजेडाच्या खोलीत बसवले आणि सांगितले, "बशीला हात लावू नका हं, प्रयोगाची आहे." माझ्यामागे सर आणि ती कागद लावत होते. सरांचा हात दिव्याकडे गेला.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "दहाच मिनिटं."

चौथ्या मिनिटाला समितीच्या ज्येष्ठ बाईंनी गोळी तोंडात टाकली. मग उरलेल्या दोघांनी तरी मागे का राहावे? बाई उठून माझ्याजवळ आल्या आणि ओठ फाकवून दातात काही अडकले आहे का ते पाहू लागल्या. सरांचे नाक त्यांच्यापासून वीतभरावर होते. एकोणीस वर्षांत सर पहिल्यांदाच कुणाला दिसले नाहीत.

तिने प्रबंध पुढे सरकवला. सरांनी दातओठ खात सही केली. अंधारात केली, त्यामुळे ती रेघ सोडून खाली घसरली. शिवाय जाता जाता 'आरसा निकामी' असा शेरा नोंदवहीत मारायला ते विसरले नाहीत.

मित्रांनो, आरशाची निगा राखा. आम्हाला कोरड्या फडक्याने पुसा. आणि कुणाला लपून बघायचेच असेल, तर आधी आपल्या बाजूचा दिवा विझवा.

हल्ली मी प्राध्यापकांच्या हात धुण्याच्या खोलीत असतो. माझ्यामागे भिंत आहे.