मर्लच्या मापाच्या पुंगळ्या

"आधी दार लाव," अर्डिस म्हणाली. "आणि व्हॅनचा आवाज आला की मला सांग. माझे कान आता कामाचे नाहीत राहिले."

मी गॅरेजचं दार लावलं. आत मर्लचं लाकडी बाकडं, त्याला स्क्रूंनी आवळलेली काडतुसं भरायची लोखंडी प्रेस, आणि तिच्यासमोर स्वयंपाकाचा एप्रन बांधून उभी असलेली अर्डिस. तिचा नवरा मर्ल स्टेनरुड त्या वेळी हाताच्या व्यायामासाठी दवाखान्याच्या व्हॅनने काउंटीच्या गावी गेला होता. माझ्या खिशात माझी डाय होती, म्हणजे पुंगळ्या दाबायचा पोलादी साचा, आणि त्या डायशी मर्लचं जन्माचं वैर होतं.

रायफल झाडली की काडतुसाची पितळी पुंगळी फुगते आणि त्या रायफलीच्या आतल्या घराला अंगासरशी बसते. ती पुन्हा भरायची तर डायमध्ये घालून दाबावी लागते. काहीजण नुसती मान दाबतात, गोळी धरण्यापुरती, आणि बाकी अंग फुगलंय तसंच ठेवतात. काहीजण सगळं अंग दाबून जवळपास मूळ मापावर आणतात. मर्ल मान-वाला, मी अंग-वाला. कॅफेतल्या खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही यावरून इतकं भांडलोय, की कॉफी ओतणाऱ्या पोरींना दोन्ही बाजू पाठ झाल्या होत्या.

"माझी पुंगळी माझ्या रायफलीची लग्नाची बायको आहे," मर्ल म्हणायचा. "तुझ्या पुंगळ्या काय, मिळेल त्या घरात शिरतात."

"शिरतात तरी," मी म्हणायचो. "तुझीला जरा कचरा लागला की ती दारातच अडून बसते."

मर्लने जन्मभर काउंटीचं रस्त्याचं यंत्र चालवलं. उन्हाळ्यात खडी सारखी करायची, हिवाळ्यात बर्फ लोटायचा. गावातला प्रत्येकजण कधी ना कधी त्याच्या यंत्राच्या मागे मागे गाडी हाकत सुखरूप घरी पोचलाय. गेल्या हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. म्हणजे बोटं हलायची, पण मूठ वळायची नाही. आणि दैवाची थट्टा बघा, त्याच वर्षी सोडतीत त्याचं नाव निघालं. मूज म्हणजे घोड्याएवढं रानटी हरीण; त्याच्या शिकारीचा परवाना आमच्याकडे सोडतीत निघतो. माझ्या बापाने जन्मभर अर्ज केले आणि तो बिचारा साधं एल्क हरीण खात खातच मेला. मर्लचा परवाना पुन्हा निघणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मर्लला सगळ्यांत जास्त.

"परवा परसात त्याने एक काडतूस घालून बघितलं," अर्डिस म्हणाली. "बोल्ट खाली उतरेना. आधी उजव्या हाताने, मग डाव्या, मग दोन्ही हातांनी. शेवटी म्हणाला, थंडीने वंगण घट्ट झालंय."

"ऑगस्टच्या उन्हात?"

"तेच ना! तेव्हापासून रायफलीला हात लावलेला नाही त्याने. जेवत पण नाही धड."

झालं होतं काय, तर नुसती मान दाबलेली पुंगळी प्रत्येक बाराला जरा जरा वाढत जाते. मर्लच्या पुंगळ्या जुन्या होत्या. काडतूस आत कोंडून कडीसारखा खाली बसतो तो बोल्ट; धडधाकट हाताला त्याचं काही वाटलं नसतं. या हाताला तो उतरणार नव्हता.

"दुकानातून एक डबा विकत आण की," मी म्हणालो.

"त्याच्या बापाच्या रायफलीत विकतचं काडतूस? डबा बघूनच तो अंथरुणात तोंड खुपसेल. डुएन, तुझ्या डायमध्ये दाबू या. दारू भरताना तो शेजारी बसेल, तोलून देईल, त्याला वाटेल त्याच्याच पद्धतीच्या आहेत. मान दाबायचं काम मी आधीच उरकलं म्हणून सांगीन."

आयुष्यभराचा वाद मी जिंकत होतो, तेही त्याच्या पाठीमागे. मी डाय प्रेसवर चढवली. तिने पहिली पुंगळी लावली, दांडा ओढला. निम्म्यावर पुंगळी अडली. दांडा खाली जाईना, वर येईना. तिने अंगभार टाकला आणि पुंगळीचं बूड फाटून बाकीची डायमध्ये गच्च रुतली.

"तेल किती लावलंस?"

"मर्ल मानेला लावतो तेवढंच."

चूक माझीच. मान-वाल्याच्या बायकोला मी सांगायला हवं होतं, की सगळं अंग दाबायचं तर सगळ्या अंगाला वंगण लागतं. तेवढ्यात बाहेर व्हॅन थांबली. मी डाय फिरवून सोडवायला लागलो, आटे संपता संपेनात. मर्लची काठी सिमेंटवर वाजायला लागली होती. दार उघडलं तेव्हा डाय माझ्या खिशात होती, आणि खिसा हा असा लोंबत होता.

"हा इथं काय करतोय?" मर्लने विचारलं.

"पाना मागायला आलोय," मी म्हणालो.

"पाना दे, पण प्रेसला हात लावू देऊ नकोस त्याला. माझ्या पुंगळ्यांचं पार चिपाड करील." तो हसला. उजव्या ओठाचा कोपरा खालीच राहिला. अर्डिसने फाटकं बूड एप्रनच्या खिशात मुठीत धरून ठेवलं होतं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

घरी मी रुतलेली पुंगळी भोक पाडून ओढून काढली. पुढच्या व्यायामाच्या दिवशी अर्डिस माझ्या शेडवर आली, रायफल ब्लँकेटमध्ये गुंडाळून, वर कोबीचे गड्डे ठेवून. मी म्हटलं, तू बस, मी करतो. तर म्हणाली, "नको. फसवायचं तर मी फसवीन. तू नुसतं सांग."

खरी भीती आता होती. डाय जरुरीपेक्षा खाली बसली, तर पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, फार मागे जातो. मग बार उडताना पितळ ताणतं, बुडाशी तुटतं, आणि जाळ मागे येऊ शकतो. मी हे तिला सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

"म्हणजे चेहरा त्याचा," ती म्हणाली.

"घाई केली तर."

तिने घाई केली नाही. पुंगळी चोळून चोळून तेल लावलं. डाय केसभर खाली, पुंगळी दाबायची, पुसायची, रायफलीत घालून बघायची. बोल्ट अडायचा. पुन्हा केसभर. तिचा वरचा ओठ घामाने भिजला होता. शेवटी बोल्ट जराशी कुरकुर करून बोटाने खाली बसला.

"बास," मी म्हणालो. "आता आटा हलवू नकोस."

तिने तेवढ्यावर डाय आवळली आणि खुर्चीवर बसून रडली. मी मूर्खासारखा कोबी उचलून बाजूला ठेवत राहिलो.

बाकीच्या पुंगळ्या तिने त्याच मापावर दाबल्या; दारू मर्लने शेजारी बसून तोलून दिली, पण रायफलीत घालून एकही बघितली नाही. शिकारीच्या दिवशी ट्रक मी चालवला. ओढ्याकाठच्या वाळुंजांवर दहिवर पडलं होतं आणि पानं पिवळी होऊन गळायला लागली होती. मर्लला रस्त्यापासून फार लांब नेता येणार नव्हतं. घडीच्या स्टुलावर तो बसला, पुढे रायफलीला टेकू दिला, मागे आम्ही दोघं. अर्डिसने माझी बाही धरली होती. तिला मूजची काळजी नव्हती. ती बोल्टकडे बघत होती.

मूज ओढ्यातून वर आला तो सकाळ बरीच चढल्यावर. काळाभोर, शिंगांवरून पाणी ठिबकत होतं. मर्लने काडतूस पुढे सरकवलं. उजवा पंजा बोल्टवर ठेवला. बोल्ट खाली गेला, सहज, जणू कोणी लोणीच कापलं.

मर्ल थांबला. त्याने हाताकडे बघितलं. मग मान वळवून अर्डिसकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

"अर्डिस," तो कुजबुजला, "हात आला गं परत."

अर्डिसची बोटं माझ्या बाहीतून दंडात रुतली. पकडले जाऊ याचीच आम्ही भीती बाळगली होती. तो विश्वास ठेवील, हे दोघांच्याही मनात आलं नव्हतं.

बार उडाला. पुंगळीने दगा दिला नाही, मर्लनेही नाही. मूज दोन पावलं चालला आणि वाळुंजात गुडघ्यांवर बसला, मग कलंडला. मर्ल काठी विसरून निघाला. मी रायफल उचलून मागे धावलो.

आमच्यात ज्याने जनावर पाडलं त्यानेच पहिली चीर द्यायची. मर्लने डाव्या हाताने चाकू काढला, हसत हसत उजव्या हातात घेतला आणि टोक पोटाला लावलं. चाकू गवतात पडला. त्याने उचलला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्याने डाव्या हाताने उजवी बोटं एकेक करून चाकूच्या मुठीभोवती वळवली, आणि हात सोडल्याबरोबर ती उघडली.

"रायफल दे," तो मला म्हणाला.

मी रिकामी करून दिली. त्याने खिशातलं एक काडतूस आत घातलं, डाव्या करंगळीने बोल्ट खाली बसवला, मग काडतूस काढून डोळ्यांजवळ धरलं, खांद्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"डाय डुएनची ना?"

"दाबल्या मी," अर्डिस म्हणाली. "त्याला काही बोलू नकोस. तेल मी लावलं, डाय मी बसवली. मीच केलं सगळं, मर्ल."

"चांगली बसवलीस," मर्ल म्हणाला. त्याने काडतूस खिशात ठेवलं, चाकू गवतातून उचलला आणि मूठ माझ्याकडे करून पुढे धरला.

"घे. आणि नीट काप. तुझ्यासारखं कापू नकोस."

मी गुडघ्यांवर बसलो. पोट चिरताना जनावराचा मागचा पाय कोणीतरी ओढून धरावा लागतो. ते नवशिक्याचं काम. शिकारीला पहिल्यांदा आलेल्याला आम्ही तेच देतो. अर्डिस पुढे झाली, तर मर्लने तिला खांद्याने बाजूला सारलं. तो ओल्या गवतात बसला, डाव्या हाताने मूजचा पाय धरला, छातीशी ओढून घेतला, आणि माझं काम संपेपर्यंत सोडला नाही.