गोठ्यातला दिवा

आमच्या नातवानं मागल्या महिन्यात गच्चीवर सोलरच्या काचा बसवल्या आन् मला म्हणतो, "आजी, गावानं मिळून आपली वीज आपुन करायची, ही आयडियाच नवी हाय." म्या म्हणलं, मुडद्या, तुझ्या बापाच्या नाकाला शेंबूड व्हता तवा हे गाव शेणावर दिवं लावत व्हतं! हसला. हसू दे. शिकल्याली पोरं हायेत, त्यास्नी वाटतंय सूर्यबी त्येंच्याच कॉलेजात शिकून आला.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दहा-बारा वर्षांची गोष्ट. शेजारच्या वाशी गावाला लाईट कवाच आलती, पर आमच्या गावाकडं काय खांब वळंनात. ऑफिसात खेटं घालून घालून लोकांच्या चपला झिजल्या. शेवटी बलभीमनं, गावातल्या मानाच्या घरच्या कस्तुराबाईच्या थोरल्या लेकानं, सोसायटी काढली. समद्या गावानं शेण घालायचं, त्येच्या गॅसवर इंजन चालवायचं आन् दिवेलागणीला दोन तास घरटी एक दिवा. जो शेण देईल त्येला दिवा, असं चावडीपुढं मोठ्यानं बोलला. चेअरमनबी त्योच झाला.

चावडीमागं विहिरीवानी गोल खड्डा बांधला. वर लोखंडी टाकी उपडी घातली. खाली शेण कुजलं की गॅस व्हायचा आन् ती टाकी हळूहळू वर उचलायची. आमचं घड्याळ, पंचांग, समदं ती टाकी. टाकी वर आली की लोक रस्त्यानं हसत जायचं, बसली की एकमेकावर खेकसायचं. सकाळच्या पारी बाया डोक्यावर पाट्या घेऊन रांगंनं यायच्या. शेणात पाणी कालवता कालवता कुणाची सून कशी, कुणाचा नवरा कसा, समदं तिथंच. काय ते दिवस व्हते! आता बटण दाबलं की लाईट लागती, पर बाईला बाई भेटत न्हाय.

आमची वस्ती बौद्धांची, गावाच्या उगवतीला. आमच्यात जनावरं थोडी. पर आमी बाया माळावर हिंडून शेण गोळा करायचो. शेणाचा पो दिसला की त्येच्यावर एक खडा ठेवायचा, मंग तो आपला, दुसरं कुणी हात लावत न्हाय. अशा पाट्याच्या पाट्या आमी नेऊन ओतल्या. सगळ्यात पुढं माझी सासू, धुरपदाबाई. पाठीत वाकलेली, डोळ्याला मोतीबिंदू उतरत आल्याला, तरी पाटी खाली ठेवायची न्हाय. म्हणायची, "सरू, नजर हाय तवर मला आपल्या वस्तीतला दिवा बघायचा हाय. मंग अंधार झाला तरी चालंल."

गावात दिवं लागले. मारुतीपुढं लागला, चावडीत लागला, घराघरात लागला. आमच्या वस्तीच्या अलीकडं वायर संपली म्हणं. "पुढल्या साली बघू," बलभीम म्हणला. आन् कस्तुराबाईच्या घरात नेमाचा एक, वर गोठ्यातबी एक! बैलं उजेडात रवंथ करत्यात आन् आमी चिमणीच्या धुरात भाकरी थापतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सासू म्हणली, "दम धर. शेण थांबवू नगं, शेण हाच आपला हक्क हाय."

मंग श्रावण लागला. आन् कस्तुराबाईनं नवंच काढलं. शेणात लक्ष्मी असती, शुक्रवारी आन् अवसेला घरचं शेण बाहेर द्यायचं नसतंय, ही रीत जुनीच. कस्तुराबाई म्हणली, श्रावणात तर रोजच सणवार, समदा महिना कशाला लक्ष्मी घराबाहेर काढायची? तिचा शब्द म्हंजे गावातल्या बायांना कायदा. एकीनं पाटी ठेवली की दुसरीनं ठेवली. रांग तुटली. खड्ड्यावर फकस्त आमच्या वस्तीच्या पाट्या यायला लागल्या. त्येवढ्यानं काय भागतंय? टाकी रोज थोडी थोडी बसत चालली. इंजन धाप लागल्यावानी करायचं, दिवं लाल पडायचे.

पोळ्याची अवस तोंडावर आली तसा बलभीम आमच्या वस्तीत आला. चेअरमन पहिल्यांदाच वस्तीत! "सरुबाई, तुमच्या जिवावर सोसायटी हाय. पोळ्याला गाव अंधारात नगं. दोन-दोन पाट्या जास्तीच्या आणा."

गरज सरो वैद्य मरो, ही त्येची खोड मी वळखून व्हते. म्या कमरेला हात लावला. "चेअरमन, आमच्याबी शेणात लक्ष्मी हाय. अवसेला न्हाय निघत ती बाहेर."

"तुमी तर असलं मानत न्हाय की!"

"आता मानतो. वस्तीत दिवा लावा, मंग बघू लक्ष्मी काय म्हणती ते."

बलभीमचं तोंड बघण्यासारखं झालं. बाया फिदीफिदी हसल्या. मीबी फुशारले. वाटलं, दिवा आता आलाच.

तर मागून सासू कडाडली. "सरे! जीभ झडली न्हाय तुझी? धर्म घेतला त्या दिवशी तुझ्या सासऱ्यानं देव्हारा उचलून नदीत सोडला. आन् तू एका दिव्यापायी लक्ष्मी परत घरात घेतीस? असला खोटा दिवा माझ्या दारात नगं. मी आंधळी झाले तरी नगं!"

माझा चेहरा पडला. सासूनं भरल्याली पाटी डोक्यावर घेतली आन् काठी टेकत सरळ कस्तुराबाईच्या दारात. मी मागं पळतीय, माझ्या मागं समदी वस्ती.

कस्तुराबाई ओट्यावर गहू निवडत व्हती. सासूनं पाटी खाली ठेवली. "कस्तुराबाई, लक्ष्मी-बिक्ष्मी मला ठावं न्हाय. हे आमचं शेण हाय. आमी रोज देतो, आजबी देणार, अवसेलाबी देणार. आमचा दिवा आमाला पायजे."

"वायर न्हाय म्हणतो बलभीम," कस्तुराबाई वर न बघता म्हणली.

"गोठ्यात हाय की."

सासूचा आवाज खाली आला. "बहात्तरला तुमी-मी एका खाणीवर खडी फोडत व्हतो. उन्हानं तुमाला भोवळ आली. माझ्या घागरीतलं पाणी प्यालात तुमी, चार बायांदेखत. त्या वक्ताला कुठली लक्ष्मी बाहेर गेली? उलट जीव आत ऱ्हायला."

कस्तुराबाईचा हात सुपात तसाच ऱ्हायला. डोळ्याला पदर लावला का घाम पुसला, मला न्हाय सांगता येत. मंग तिनं लेकाला हाक मारली. "बलभीम, गोठ्यातला दिवा सोड, वस्तीला दे. बैलाला काय पोथी वाचायची हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यावर गेले तर कस्तुराबाई माझ्याआधी तिथं, कोपरापर्यंत शेणात हात. तिच्या मागं तिची सून, सुनंमागं गल्ली. रांग परत लागली. शुक्रवार आला तरी तुटली न्हाय.

टाकी वर यायला दिवस लागलेच, पोळा अंधारातच गेला. पर एका सांजंला गोठ्याची वायर बाभळीच्या खांबावरनं आमच्या वस्तीच्या मधोमध आली. समदी वस्ती तिथं जमलेली. तिकडं इंजन धडधडलं आन् दिवा लागला. पोरं वरडली, बाया रडल्या, मी तर हुंदकं देऊन रडले. सासूनं मातर दिव्याकडं बघितलंच न्हाय. कपाळावर हात धरून ती आमच्याकडं बघत व्हती, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत, एकेकाचं तोंड.

"आत्या, दिवा वर हाय, तिकडं बघा," म्या म्हणलं.

ती म्हणली, "दिवा काय बघायचा गं? आपुन इतके जण हाव, हे मला आज दिसलं."

आता ती न्हाय, कस्तुराबाई न्हाय. सरकारी खांब आले, सोसायटी मोडली, टाकी भंगारात गेली. काल नातू इचारत व्हता, सोलरची पहिली लाईन कुठं जोडायची. म्या म्हणलं, गावाच्या शेवटच्या घरापासनं सुरू कर.