अठ्ठाविसावं नाव

मित्रांनो, माझ्या तोंडाच्या कडेला अंगठ्याएवढा एक पोचा आहे. बघणाऱ्याला वाटतं, जुनी वस्तू आहे, कुठेतरी आपटली असेल. आपटलो हे खरं, पण ते जुनेपणामुळे नव्हे. तो पोचा कसा पडला हे सांगायचं तर एका यादीची गोष्ट सांगावी लागेल. आणि यादीच्या आधी थोडी माझी.

मी पितळेचा ट्रम्पेट. जपानातल्या हामामात्सुच्या एका कारखान्यात मला ठोकून, वाकवून, घासून आकार दिला, आणि तिथून मी थेट तोमोउरा बंदरातल्या शाळेच्या बँडमध्ये आलो. वीस वर्षं पोरांनी चिकट हातांनी मला वाजवलं. पुढे गावातली पोरंच कमी झाली, शाळा बंद पडली आणि सामान अंगणात विकायला मांडलं गेलं. मोडक्या घसरगुंडीशेजारी मी तीन दिवस पडून होतो. चौथ्या दिवशी तेत्सुओ कुरोसे नावाच्या एका तरुण न्हाव्यानं मला उचललं. त्याला तेव्हा एक सूर धड काढता येत नव्हता.

दुकानातच तो शिकला. त्याची बायको कायोको वैतागायची. "अहो, गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलंय आणि तुम्ही भोंगा कसला वाजवताय?"

"त्याला आवडतंय. बघ, हलत नाही जागचा."

"वस्तरा तुमच्या हातात आहे म्हणून हलत नाही तो!"

हा सगळा खटाटोप सीगल्ससाठी होता. सीगल्स म्हणजे आमच्या बंदराचा बेसबॉल संघ. मैदानाच्या उजव्या स्टँडात आमचं पथक उभं राहतं. एक मोठा ढोल, चार ट्रम्पेट आणि पुढे म्होरक्या मुनेकाता. हा मासळीवाला, आवाज लिलावात कमावलेला. आमचा प्रत्येक फलंदाज मैदानात उतरला की त्याचं स्वतःचं गाणं वाजतं, आणि सगळा स्टँड ते गातो. ही गाणी रचण्यात तेत्सुओचा हातखंडा होता. लोक म्हणायचे, कुरोसेच्या ट्रम्पेटनं मरगळलेला माणूसही धावतो. ते ऐकून मी आतून तापायचो. खोटं कशाला बोलू?

एका वसंतात इसोझाकी दुकानात आला. अठरा वर्षांचा, बेटावरून आलेला, मान खाली घालून बोलणारा. सीगल्सनं त्याला कॅचर म्हणून, म्हणजे पिचरनं टाकलेला चेंडू झेलायला, घेतलं होतं. सतरा वर्षं तो राखीवच राहिला. पण सीगल्सचा प्रत्येक पोरसवदा पिचर त्याच्याच हाताखाली घडला. कुणाचा खांदा कधी दमतो, कुणाचा धीर कधी सुटतो, हे त्याला पिचरच्या आईपेक्षा जास्त कळायचं. आणि त्या सतरा वर्षांत त्याचे केस दुसऱ्या कुणी कापले नाहीत.

तेत्सुओनं त्याच्यासाठी फक्त अकरा सुरांचं गाणं रचलं. बाकीच्यांची गाणी दोन-दोन कडव्यांची, याचं एका श्वासात संपायचं.

"माझंच एवढं छोटं का हो?" इसोझाकीनं एकदा खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं.

"तू पहिल्याच चेंडूला बाद होतोस. मोठं केलं तर मधेच तोडावं लागतं."

इसोझाकी एवढा हसला की गळ्याभोवतीचं फडकं सुटलं आणि कापलेले केस भुईभर उडाले. कायोको दोघांवरही ओरडली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते.

दुकानात रोज एकच भांडण चालायचं. टोकियोचे टायटन्स हे आमचे जुने वैरी, आणि त्यांच्याकडे पैसा मोप. आमच्या उताराच्या रस्त्यावर टायटन्सचा एकच पाठीराखा होता, निशिवाकी मास्तर. नोकरीतून मोकळे झाल्यावर टोकियोहून इथे राहायला आलेले. दाढीला मात्र ते तेत्सुओकडेच यायचे.

"तुमच्या एका माणसाच्या पगारात आमचे अकरा जण पोसले जातात, मास्तर. ह्याला काय खेळ म्हणायचं?" तेत्सुओ वस्तरा हवेत धरून विचारायचा. "पोरं आम्ही वाढवायची, त्यांच्या चुका आम्ही सोसायच्या, आणि पोरगं खेळायला लागलं की तुम्ही थैली दाखवून न्यायचं!"

"आधी वस्तरा खाली घ्या," मास्तर म्हणायचे. "मग उत्तर देतो."

आणि एका हिवाळ्यात उलटंच झालं. सीगल्सच्या मालकांनी पहिल्यांदाच थैलीची गाठ सोडली आणि टायटन्सचा हायामा, चेंडू मैदानाबाहेर टोलवणारा होमरनचा बादशहा, आमच्याकडे आणला. त्या दिवशी तेत्सुओनं दुकान डोक्यावर घेतलं. मुनेकातानं गिऱ्हाइकांना फुकट मासळी वाटली. मास्तरांची दाढी अर्ध्यावर सोडून दोघं रस्त्यात नाचून आले.

मास्तर शांतपणे बसून होते. अर्ध्या तोंडाला फेस तसाच. म्हणाले, "नाचा. पण आमचा एक नेलात, तर बदल्यात तुमचा एक आम्हाला मिळणार. नियमच आहे. तुम्ही अठ्ठावीस नावं झाकून ठेवायची, उरलेल्यांतला हवा तो आम्ही उचलणार."

क्लबची ती यादी गुप्त असते. म्हणून मग दुकानात खेळ सुरू झाला. जुन्या कॅलेंडरची पानं फाडून प्रत्येकानं आपापली अठ्ठावीस नावं लिहायची. तेत्सुओनं माझी पेटी मांडीवर घेतली आणि तिच्यावर कागद ठेवला. पेनाचा दाब झाकणातून मला कळत होता. सत्तावीस नावं भराभर उतरली.

अठ्ठाविसाव्या जागी त्यानं इसोझाकीच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं आणि पेन थांबलं.

"काय झालं?" मुनेकातानं विचारलं.

"कानेमारु राहिला की रे." कानेमारु म्हणजे एकोणीस वर्षांचा डावखुरा पिचर. कोपराचं ऑपरेशन झालेला, पण उद्याची आशा.

"मग लिही त्याला."

तेत्सुओनं ते अर्धं नाव खोडलं आणि पुढे कानेमारु लिहिलं. केर काढता काढता कायोकोनं वाकून बघितलं. "आणि आपला इसोझाकी?"

"अगं, त्याला कोण नेतंय? पस्तिशीचा राखीव माणूस, गुडघ्याला पट्टी. तो कुठे जातोय!"

खेळ संपला. कागद त्यानं चौघडी करून माझ्या पेटीत, माझ्या अंगाखाली सरकवून दिला आणि विसरून गेला. विसरणं मला जमत नाही, मित्रांनो. मी त्याच्यावर झोपत होतो.

जानेवारीत रेडिओवर बातमी आली. टायटन्सनं बदल्यात इसोझाकीला उचललं होतं. ज्याला आमच्या सगळ्या पिचरची दुखणी तोंडपाठ आहेत, त्याला ते सोडतील कशाला? क्लबनं त्याचं नाव यादीत घातलंच नव्हतं.

सगळ्यात मोठ्यानं ओरडला तो तेत्सुओ. "कुठल्या गाढवानं बनवली ही यादी? सतरा वर्षं राबला माणूस! ह्यांना लाज कशी वाटत नाही?" गिऱ्हाइकं माना डोलवत होती. कायोकोनं मात्र एकदा माझ्या पेटीकडे पाहिलं आणि टॉवेल वाळत घालायला निघून गेली.

तीन दिवसांनी इसोझाकी शेवटचे केस कापून घ्यायला आला. तेत्सुओनं फडकं बांधलं आणि कात्री चालवायला घेतली. मग आरशातून बघत त्यानं विचारलं, "तुम्ही दुकानात याद्या लिहिल्या होत्या म्हणे. मुनेकाता-सान सांगत होते. तुमच्या यादीत मी होतो ना हो?"

कात्री थांबली.

"पहिलं नाव तुझंच होतं," तेत्सुओ म्हणाला.

इसोझाकीच्या चेहऱ्यावर एवढं समाधान पसरलं की मला पेटीत तोंड लपवावंसं वाटलं. "मग झालं तर," तो म्हणाला. उठताना कमरेत लवून त्यानं नमस्कार केला आणि नेहमीप्रमाणे, घरच्या माणसासारखा, मागच्या दारानं गेला.

तेत्सुओनं मला बाहेर काढलं. ते अकरा सूर वाजवावेत असं बहुधा त्याच्या मनात होतं. पण त्याची नजर त्या मागच्या दारावरच होती. मी निसटलो आणि खुर्चीच्या लोखंडी पायपट्टीवर तोंडावर आदळलो. हाच तो पोचा.

मोसम सुरू झाला. एप्रिलच्या एका रविवारी भर दुपारी टायटन्स आमच्या मैदानावर आले. मुनेकातानं पथकाला आधीच बजावलं होतं. "समोरच्यांसाठी आपण वाजवत नाही, माहीत आहे. पण इसोझाकी आला तर एकदा वाजवायचं. सतरा वर्षं आपला होता. तेत्सुओ, गाणं तुझं आहे, सुरुवात तू कर. आम्ही मागून उचलतो."

सातव्या इनिंगमध्ये टायटन्सनं बदली फलंदाज म्हणून इसोझाकीला पाठवलं. समोर पिचर होता कानेमारु. अठ्ठाविसाव्या जागेवरची ती दोन्ही नावं आता साठ फुटांवर एकमेकांसमोर उभी होती. इसोझाकी बॅट टाचेला टेकवून उभा राहिला आणि त्यानं उजव्या स्टँडाकडे पाहिलं. आमच्याकडे. तीस हजार माणसं गप्प झाली. ढोलवाल्यानं काठी उचलून धरली.

तेत्सुओनं मला ओठांना लावलं. त्याचा श्वास आत आला, माझ्या नळ्यांतून फिरला आणि पोचा पडलेल्या तोंडातून तसाच बाहेर गेला. सूर नाही. पुन्हा श्वास, पुन्हा नुसती हवा. मी तयार होतो हो, माझ्या तिन्ही कळा तयार होत्या. पण माणसाचे ओठ घट्ट राहिले नाहीत तर पितळ काय करणार?

"गळा दाटून आला बिचाऱ्याचा," मुनेकाता डोळे पुसत म्हणाला. आजूबाजूचे लोक तेत्सुओच्या पाठीवर थापा मारायला लागले. केवढं प्रेम, म्हणाले. कुणी कुणी टाळ्याही वाजवल्या. तेत्सुओनं मला छातीशी धरलं होतं आणि त्याला कुणाकडेच बघवत नव्हतं. इसोझाकी क्षणभर थांबला, मग पिचरकडे वळला. कानेमारुचा तिसरा चेंडू त्यानं दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधून काढला. त्यांच्या दोन धावा झाल्या आणि आम्ही सामना हरलो.

सोमवारी दुकान बंद असतं, बेसबॉलही बंद असतो. सकाळी मागच्या दारावर टकटक झाली. इसोझाकी होता.

"काल वाजवलं नाहीत. मी कान देऊन होतो," तो हसत म्हणाला.

"ओठ फुटलेत रे."

"की ट्रम्पेटला काही झालंय? बघू." एवढं म्हणून त्यानं फळीवरची पेटी खाली घेतली आणि मला उचललं. पोच्यावरून बोट फिरवलं. मग त्याची नजर माझ्या खालच्या कागदावर गेली.

त्यानं तो उघडला. वरून खाली वाचत गेला. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. पाणी तापायला ठेवलेल्या किटलीची शिट्टी वाजायला लागली, ती बंद करायलाही कुणी उठलं नाही.

"अर्धं तरी लिहिलं होतंत," इसोझाकी म्हणाला.

"मला वाटलं... तुला कोण..." तेत्सुओ पुटपुटला.

"कोण नेणार, असंच ना? क्लबलाही तेच वाटलं. मलासुद्धा वाटत होतं हो." त्यानं कागद घडीवर घडी घालून होता तसा ठेवला आणि वर मला ठेवलं. "पोरगा बरोबर निवडलात. फक्त वळणारा चेंडू टाकायच्या आधी त्याची मान झुकते, म्हणून काल मला तो लागला. सांगा त्याला." मग थोडं थांबून म्हणाला, "ते 'पहिलं नाव' तेवढं नको होतं, तेत्सुओ-सान."

तो खुर्चीत बसला. तेत्सुओनं केस कापले. जाताना इसोझाकी पुढच्या दारानं गेला, गिऱ्हाईक जातं तसा.

निरोप कानेमारुला पोचला. त्याची मान आता झुकत नाही. ऑगस्टमध्ये टायटन्स पुन्हा आले, तेव्हा मुनेकातानं पथक सज्ज ठेवलं होतं. तेत्सुओनं महिनाभर सराव केला होता, ओठ घट्ट झाले होते. पण इसोझाकी संघाबरोबर नव्हता. त्याचा गुडघा गेला होता. पानगळीच्या दिवसांत त्याच्या निवृत्तीची दोन ओळींची बातमी छापून आली, आणि तो बेटावर परत गेला असं कुणीसं सांगितलं. दुकानात तो पुन्हा आला नाही.

आता दर सोमवारी तेत्सुओ मला बाहेर काढतो. तेल घालतो, मऊ फडक्यानं पुसतो, पोच्यापाशी थोडा रेंगाळतो. कायोको दारातून बघते. मग तो कागद खाली, मी वर, आणि झाकण बंद.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी पडून असेल. त्याला नुसतं पुसू नका, वाजवा. आणि कधी आपल्या माणसांची यादी करायला बसलात, तर "हा कुठे जातोय" असं ज्याच्याबद्दल वाटेल, त्याचं नाव सगळ्यात आधी लिहा, पूर्ण लिहा. त्याच्यासाठी जे वाजवायचं असेल ते तो समोर आहे तोवर वाजवा. मी हे शहाणपणानं सांगत नाही, पश्चात्तापानं सांगतोय.

अकराच तर सूर होते. एका श्वासात मावले असते.