वेलचीच्या वासाचा मध

गच्चीचं दार उघडायच्या आधीच जिन्यात रेटारेटी सुरू झाली.

"वाटी पुढे कर ना!"

"अहो आजोबा, धक्के काय मारता?"

वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत ऐन श्रावणात चमत्कार झाला होता. गच्चीवरच्या मधमाश्यांच्या पेटीतून दर रविवारी मध निघत होता आणि त्याला चक्क वेलचीचा वास येत होता.

पेटी मूळची हेमांगीची. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मुलीच्या बाळंतपणासाठी ती नाशिकला गेली, आणि सप्ताहाला आलेले मधुरानंद महाराज पेटीशेजारी ठाण मांडून बसले.

"माई, या पावसात फूल आहे? नाही. माशी बाहेर पडते? नाही. तरी पेटी भरली!" महाराज डोळे मिटून सांगत. "हा मध फुलाचा नव्हे, कृपेचा. याने शुगर वाढत नाही, उतरते. क्वांटम शक्ती! मध मीच काढणार. पेटीची खालची खोली तर कुणी उघडायचीच नाही. तिथे माता निजली आहे."

मी कीर्तनवेडी बाई. टाळ वाजला की माझे पाय घरात ठरत नाहीत. पण या बुवांच्या तोंडी देवाचं नाव कमी आणि 'उघडायचं नाही' जास्त. त्यात माझ्या थोरल्या बहिणीने, उत्तराताईने, शुगरच्या गोळ्या सोडून हा मध सुरू केलेला. तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती, जिना चढताना कठडा धरत होती. मला एका जागी बसवेना.

"ताई, गोळी घे ना गं."

"तू कीर्तनाला जातेस तेव्हा मी अडवते का?"

"कीर्तनात कुणी मला औषध सोड म्हणत नाही!"

"झालं तुझं? जा आता."

शेवटी मी हेमांगीला फोन केला. "पावसाळ्यात मध?" एवढंच ती म्हणाली, आणि पुढच्या रविवारी जाळीची टोपी घालून गच्चीवर हजर झाली.

"उघडू नका! कोप होईल!" महाराज ओरडले.

"पेटी माझी आहे, महाराज. डसल्या तर मला डसतील. तुम्ही मागे सरा."

तिने माश्या शांत करायला धूर दिला, मधाची वरची कोठी बाजूला ठेवली आणि खालच्या खोलीतली एक चौकट उचलली.

"बघा, ही पिल्लांची खोली. पावसाळ्यात इथे कडेला थोडा मध राहू द्यायचा, माश्यांच्या पोटापुरता. मधले कप्पे राणीला अंडी घालायला मोकळे हवेत. इथे एकही मोकळा नाही. सगळा रस."

राणी चौकटीवर सैरभैर फिरत होती.

"निजली कुठे? जागा शोधतेय बिचारी," हेमांगी म्हणाली. "असंच राहिलं तर जुन्या माश्या मरतील, नव्या जन्मणारच नाहीत. बाहेर फुलं नाहीत, मग हा रस आला कुठून?"

तिने वरच्या कोठीच्या कोपऱ्यात हात घातला. तिथे एक बरणी पालथी घातलेली होती. झाकणाला बारीक भोकं, आत पिवळसर पाक.

ताईने बरणी नाकाशी नेली. "वेलची... जायफळ... अगं, हा तर माझाच पाक!"

रविवारच्या भंडाऱ्याचे गुलाबजाम ताईच करायची. उरलेला पाक महाराज मागून घेत. "प्रसाद गटारात नको, मी विसर्जन करतो." विसर्जन हे असं. भोकांतून पाझरलेला पाक माश्या पीत होत्या, आटवून कप्प्यांत भरत होत्या.

"म्हणजे आम्ही साखरच चाटत होतो?" सोसायटीचे चेअरमन कुंडलिकराव पुटपुटले.

"माझी ध्यानाची वेळ झाली," म्हणत महाराज जिना उतरले. घाईत खडावा गच्चीवरच राहिल्या.

सगळे हसले. ताईला मात्र हसू आलं नाही. शेजारच्या दर्शनाने शुगर तपासायचं मशीन आणलं, बोट टोचलं. आकडा बघून ताईने माझं मनगट घट्ट धरलं.

"रिक्षा बोलव गं."

डॉक्टर तिला रागावले, आणि दाखल करून घेतलं. ती वाचली. हेमांगीने भरलेल्या चौकटी काढून रिकाम्या घातल्या, तेव्हा राणीलाही जागा मिळाली.

बाबांनो, माझा पांडुरंग मला जिवाहून प्यारा आहे. पण त्याला पाकाची बरणी लपवावी लागत नाही. जो तुमची गोळी बंद करतो आणि पेटीला हात लावू देत नाही, त्याला आधी विचारा, आत काय आहे? नमस्कार देवाला करा. औषध डॉक्टरांनी दिलेलंच घ्या.