नकलेतला चरा

भिंगकाकांच्या दाराची बेल आठवड्यातून एकदाच वाजायची, गुरुवारी संध्याकाळी. बाकीचे दिवस ती नुसती भिंतीला चिकटून असायची. मध्ये एकदा तिच्यातले सेल संपले, तर काकांना ते कळलं थेट गुरुवारी, नेहमी येणारा एक दुकानदार दारावर थापा मारायला लागला तेव्हा. एकट्या माणसाच्या घरात वस्तू अशाच बिघडतात, कुणाला पत्ता न लागता.

काकांची उमर गेली चष्म्याच्या दुकानात. भिंगं घासायची, नंबर जुळवायचे, काड्या बसवायच्या. निवृत्तीनंतरही खिशात एक छोटं भिंग कायम असायचं, म्हणून नाव पडलं भिंगकाका. दुसरं वेड जुन्या रेकॉर्डचं. ज्या तबकड्या आपण एकेकाळी भंगारात दिल्या, त्यांच्यासाठी आता हौशी माणसं जीव टाकतात. आणि माणूस ज्याच्यासाठी जीव टाकतो, त्याच्या नावाखाली त्याला गंडवणारा भेटतोच. दुर्मिळ रेकॉर्डच्या हुबेहूब नकला निघायला लागल्या, आणि लोक तपासून घ्यायला काकांकडे यायला लागले.

काका भिंग लावून बघायचे आणि तोंडावर सांगायचे, "नकली आहे. कुणी गळ्यात मारली?" गोड बोलणं त्यांना जमायचंच नाही, ते खातं काकूंकडे होतं. काका 'नकली' म्हणाले की काकू लगेच चहा पुढे करायच्या, त्यामुळे हिरमुसलेला माणूसही पुन्हा यायचा. काकू गेल्या, त्यांच्याबरोबर चहा गेला, आणि उरलं नुसतं 'नकली आहे'. मग कोण येतंय? खरं तर आपण वस्तू तपासायला नेतो ती खरं ऐकायला नव्हे, 'अस्सल आहे' एवढंच ऐकायला. तुम्ही-आम्ही सगळे त्यातलेच.

येत राहिला तो फक्त दुकानदार. बाजारपेठेच्या तळघरात त्याचं जुन्या रेकॉर्डचं दुकान होतं. माणूस बोलका, हसरा. दर गुरुवारी खारे दाणे घेऊन यायचा, पाय पसरून बसायचा, काकांच्या मशीनवर एखादी रेकॉर्ड पूर्ण ऐकायचा आणि गावभरच्या गप्पा सांगायचा. काकांचे उरलेले सहा दिवस त्या गप्पांवर निघायचे.

गेल्या वर्षी त्याने आणलेली एक रेकॉर्ड बघून काका म्हणाले होते, "अरे, ही नकली आहे. विकू नकोस." दुकानदार हसला, "बघतो," म्हणाला, आणि पुढचे काही गुरुवार फिरकलाच नाही. त्या दिवसांत काका खिडकीत बसून राहायचे. आपण उगीच बोललो, असं त्यांना वाटायला लागलं. दुकानदार पुन्हा आला तेव्हा काकांनी त्याच्या पिशवीतल्या रेकॉर्ड हातात घेतल्या, भिंग लावलं आणि म्हणाले, "बऱ्या आहेत." त्यातली एकही बरी नव्हती.

तेव्हापासून काकांच्या तोंडी 'बरी आहे' बसलं. दुकानात दुकानदार काय सांगायचा, ते काकांच्या कानावर आलं नव्हतं असं नाही. 'भिंगकाकांनी तपासलेली आहे,' असं म्हणून तो माल खपवायचा. काकांनी कानाडोळा केला.

अशातच एका सोमवारी दुपारी बेल वाजली. सोमवारी! काकांना वाटलं शेजारची वाजली असेल. दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या, छातीशी रेकॉर्ड धरून.

"भिंगकाका तुम्हीच ना? मी व्हायोलिन शिकवते, पलीकडच्या रस्त्यावर. ही रेकॉर्ड त्या तळघरातल्या दुकानातून घेतली. तुम्ही तपासलीय म्हणे. पण माझ्याकडे मशीन नाही हो. एकदा ऐकवाल?"

काकांनी ती रेकॉर्ड जन्मात तपासली नव्हती. पण कव्हर बघताच त्यांनी ओळखलं. एका बंद पडलेल्या कंपनीने काढलेली ही तबकडी, मोजक्याच प्रती निघालेल्या. त्यांच्या स्वतःच्या कपाटातही एक होती, काकूंनी हौसेने घेतलेली.

"यात व्हायोलिन वाजवलंय ते माझ्या बाबांनी," बाई म्हणाल्या. "कंपनीने वादकांना एकेक प्रत दिली होती. आमची घर बदलताना हरवली. बाबा गेले तोपर्यंत शोधत होते. आता मला मिळाली. घरात मी एकटीच आहे, पण म्हटलं, निदान त्यांचा आवाज तरी घरात असावा. मशीन काय, घेईन पुढेमागे."

काकांनी सवयीने भिंग काढलं. लेबलावरची अक्षरं सलग शाईची नव्हती, बारीक ठिपक्यांची होती. म्हणजे छापलेल्या लेबलाचा फोटो काढून तो पुन्हा छापलेला. गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जी कोरी पट्टी उरते, तिथे मूळ रेकॉर्डवर कारागिराने हाताने कोरलेला आकडा असतो, वेडावाकडा. इथे तो यंत्राने ठोकल्यासारखा सरळ होता. शंकाच नको, नकली!

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. काकांना गुरुवार आठवला.

"बरी आहे," ते म्हणाले आणि सुई ठेवली.

व्हायोलिन सुरू झालं. बाई डोळे मिटून बसल्या. त्यांची डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलत होती, वडिलांच्या मागोमाग. एका संथ जागी स्वर लांबत गेला आणि तिथे आलं, टक्. तबकडीची एक फेरी झाली, पुन्हा टक्. आणखी एक फेरी, पुन्हा टक्, हा तिसरा जरा दबका.

काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. हे तीन टक् त्यांच्या घरातले होते! काकू एकदा रेकॉर्ड पुसत असताना त्यांच्या अंगठीचा खडा लागला होता आणि शेजारशेजारच्या तीन रेघांवर बारीक चरा उठला होता. काका तेव्हा दोन दिवस घुश्शात होते. त्यानंतर ही रेकॉर्ड लावली की काकू त्या जागेची वाट बघायच्या आणि बशीवर चमच्याने बरोबर तीनदा वाजवायच्या, तिसऱ्यांदा हलक्या हाताने. काका चिडायचे, त्या हसायच्या.

"इथे काहीतरी खरखर आहे का?" बाईंनी विचारलं. "वरून तर नवीकोरी दिसते."

काकांनी तबकडी उजेडात तिरपी धरली. चरा कुठेच नव्हता. जो तबकडीवर नाही तोच तिच्यातून ऐकू येत होता. दुकानदाराने मागे 'घरी निवांत ऐकतो' म्हणून काकांची रेकॉर्ड नेली होती. ती मशीनवर लावून, जसा आवाज आला तसा उतरवून घेऊन त्याने नकला पाडल्या होत्या.

"जुन्या रेकॉर्ड अशाच असतात," काका म्हणाले.

"तुम्ही म्हणालात म्हणजे झालं," बाई म्हणाल्या आणि तबकडी पुन्हा छातीशी धरून गेल्या. त्यांचं 'म्हणजे झालं' काकांना फार लागलं.

गुरुवारी दुकानदार आला. दाणे बशीत ओतले, पाय पसरले. काकांनी काही न बोलता आपली रेकॉर्ड लावली. टक्. टक्. टक्.

"हा चरा माझ्या बायकोचा आहे," काका म्हणाले. "सोमवारी तो मी त्या व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंच्या तबकडीत ऐकला."

दुकानदार हसला. "काय काका, तुमचे कान म्हणजे! अहो, मी चोरी केली का? तुमची रेकॉर्ड तुम्हाला जशीच्या तशी परत दिली की. आणि त्या बाईंना वडील ऐकायला मिळाले. कुणाचं काय बिघडलं?"

"नक्कल म्हणून विकली असतीस तर काहीच नसतं बिघडलं. अस्सल म्हणून विकलीस. तेही माझ्या नावावर."

"तुमच्या नावावरच चालतं ना सगळं. उगीच ताणू नका, काका. मी यायचं बंद केलं तर तुमची बेल कोण वाजवणार?"

तो थट्टेतच बोलला होता. पण काकांना एकदम लख्ख दिसलं की हा माणूस बोलतोय ते खरं आहे, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आपल्या एकटेपणाचाच याने शिक्का केला आणि नकली मालावर मारत सुटला!

"सेल काढून ठेवीन," काका म्हणाले. "दाणे घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतःची रेकॉर्ड काखोटीला मारून बाईंकडे गेले. खोलीत भिंतीशी लहान मुलांची व्हायोलिनं ओळीने ठेवलेली होती. ती नकली तबकडी वडिलांच्या फोटोशेजारी उभी होती. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

बाईंनी फोटोशेजारची तबकडी उचलून हातात घेतली. मग म्हणाल्या, "सोमवारीच कळलं होतं तुम्हाला?"

"हो."

"मग?"

"दुकानदार दर गुरुवारी माझ्याकडे येतो. दुसरं कुणी येत नाही."

बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. "काका, रेकॉर्डचं मला तेवढं नाही. पण ही बाबांच्या वेळची, त्यांच्यासारख्या कुणाच्या हाताखालून गेलेली, असं समजून मी रोज तिच्यावरून हात फिरवत होते. ते वाया गेलं." त्या थांबल्या. "माझ्याकडे मुलं येतात. बेसूर वाजलं की मी सांगते, बेसूर आहे. एखादं रडतं, एखादं शिकणं सोडून जातं. वर्ग रिकामा झाला की मलाही खायला उठतो. पण भिडेखातर एकदा बेसुराला छान म्हटलं, तर पुढे माझ्या 'छान'ला कोण विचारणार? ज्याने खरंच छान वाजवलं, त्याचंही मी नुकसानच केलं ना?"

काका मान खाली घालून ऐकत होते.

"नकला करणारा एकटा काय करू शकतो हो? ज्यांना ओळखता येतं ते गप्प बसतात, म्हणून त्याचं फावतं. कुणी दोस्तीपायी, कुणी भिडेपायी, कुणी तुमच्यासारखं एकटेपणापायी. आणि फसतं कोण? माझ्यासारखंच एखादं एकटं माणूस."

काकांनी आपली रेकॉर्ड पुढे केली. "ही घ्या. तुमच्या बाबांची आहे. ती मला द्या."

"अहो, असं कसं घेऊ? ही तुमच्या बायकोने घेतलेली ना?"

"घ्या तुम्ही. तिचं जे आहे ते नकलेतही उतरलंय," काका म्हणाले. "आणि ही दुकानात परत करू नका. तो पुन्हा दुसऱ्या कुणाला तरी विकेल."

घरी येऊन काकांनी न पुसणाऱ्या शाईचं पेन घेतलं आणि त्या तबकडीच्या लेबलावर ठळक लिहिलं, 'नक्कल'. रविवारी हौशी लोकांच्या बैठकीत गेले, खूप दिवसांनी. उभं राहून सांगितलं की त्या दुकानातल्या कित्येक रेकॉर्ड मी पाहिलेल्याही नाहीत, आणि ज्यांना 'बरी' म्हणालो त्या बऱ्या नव्हत्या. "मग इतके दिवस का गप्प होतात?" कुणीतरी विचारलंच. काकांनी खरं कारण सांगितलं. काही लोक उठून गेले. काहींनी रेकॉर्ड पुढे केल्या. काकांनी भिंग लावलं, आणि बहुतेकांना तेच ऐकावं लागलं, "नकली आहे." चहा पुढे करायला कुणी नव्हतं.

मग गुरुवार आला. काकांनी बेलमध्ये नवे सेल घातले होते. बाहेर जाऊन एकदा दाबूनही पाहिली होती. संध्याकाळ झाली, समोरच्या घरांतले दिवे लागले, बेल वाजली नाही. घर फार मोठं वाटत होतं आणि काकांना मनापासून रडावंसं वाटत होतं. खरं बोललेल्या माणसाला लगेच कुणी हार घालत नाही, बहुधा त्याची संध्याकाळ अशीच जाते.

पण वाचकहो, त्या घरात आता एकही खोटी वस्तू नव्हती. नक्कल असणं हा गुन्हा नाही, तिला अस्सल म्हणणं हा गुन्हा आहे. आणि आपल्याला ओळखता येत असून, कुणीतरी आपल्याकडे येत राहावं म्हणून गप्प बसणं, हा तर आपण सगळ्यांनी कधी ना कधी केलेला गुन्हा आहे. खरं बोलल्याने जे घर रिकामं होतं, ते आधीही भरलेलं नव्हतंच.

काकांनी 'नक्कल' लिहिलेली तबकडी मशीनवर ठेवली. कपाटातून एक बशी आणि चमचा काढला आणि त्या संथ जागेची वाट बघत बसले. स्वर लांबत आला तशी त्यांनी बशीवर चमच्याने तीनदा टक् केलं, तिसऱ्यांदा हलक्या हाताने.