तिला आधी खोटं बोलू दे

मला सूड हवा होता. न्याय, चौकशी, सुधारणा हे शब्द हॉस्पिटलच्या पत्रात शोभतात. मी सुलक्षणा, इंग्लंडात कॉव्हेंट्रीत उभं आयुष्य लोकांची पोरं सांभाळून म्हातारी झालेली बाई. मला त्या डॉक्टरणीचं तोंड उतरलेलं बघायचं होतं.

सांभाळलेल्या पोरांत माझी सगळ्यात लाडकी केझाया. तिची आई बस चालवायची. आजी-आजोबा जमैकाहून आलेले, दोघंही गेलेले, आणि आईची शिफ्ट पहाटेची, म्हणून केझी रांगायच्याही आधीपासून माझ्या घरी. दिवसभर इंग्लिश बोलायचा मला भयंकर कंटाळा, त्यामुळे सगळी पोरं माझ्याकडे मराठीच ऐकत. बाकीची विसरली. केझी मात्र शाळा सुटल्यावरही माझ्याकडेच वरणभात जेवायची. आज तिशीत आहे, शब्दांच्या नर-मादीचा घोळ घालते, पण भांडायचं झालं की मराठीतच भांडते. मला मावशी म्हणते.

गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. तिचं सासर तासाभराच्या अंतरावर आहे, तिथल्या हॉस्पिटलात. बाळ ठणठणीत. पण बाळंतपणानंतर केझीचं पोट असह्य दुखायला लागलं. ती बेल दाबत राहिली, ओरडत राहिली. तिला पॅरासिटामॉल दिली. पोटात रक्त साचतंय हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत ती बेशुद्ध पडली होती. ऑपरेशन करून जीव वाचवला, पण गर्भपिशवी काढावी लागली. तिला अजून दोन मुलं हवी होती. एकुलती एक म्हणून वाढलेली, घर भरलेलं हवं होतं तिला.

या देशात काळ्या बायका बाळंतपणात गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त मरतात. हे सगळ्यांना माहीत आहे, दरवर्षी छापून येतं, आणि वाचून लोक चहा घेतात. मीही घेत होते.

घरी आल्यावर कितीतरी दिवस केझी काही बोलली नाही. मग एका दुपारी बाळाला मांडीवर घेऊन तिनं सांगितलं.

"मावशी, ती डॉक्टर मराठी होती. माझा पोट दाबून बघितला आणि दुसऱ्या मुलीला मराठीत सांगितलं."

"काय सांगितलं?"

केझीनं त्या बाईच्या आवाजात म्हणून दाखवलं. "'अगं, ह्या काळ्यांची कातडी जाड असते. ह्यांना आपल्याएवढं दुखत नाही. नाटकं आहेत सगळी. चल, पुढची बघू.'"

माझ्या हातातला दुधाचा टोप मी सिंकमध्ये आदळला.

"मग तू मराठीतच का नाही झापलंस तिला?"

"लाज वाटला, मावशी. तू मला त्या भाषेत झोपवायचीस ना. ते ऐकलं आणि मी ओरडायची बंद झाले."

तिचं ओरडणं थांबलं म्हणून त्यांना वाटलं दुखणं थांबलं. हे कळल्यापासून मला धड जेवण गेलं नाही.

केझीला फार काही नको होतं. नवऱ्यापासून मिडवाइफपर्यंत सगळे तिला समजावत होते, तू शॉकमध्ये होतीस, भास झाला असेल. "ती हे बोलली, एवढं कुणीतरी मानायला हवं. नाहीतर मी वेडी होईन," ती म्हणाली. तक्रार करायची ठरली. ती सगळं लिहायला बसली, तेव्हा मी तिचा हात धरला.

"काय बोलली ते लिहू नकोस. परक्या भाषेत अपमान केला, एवढंच लिही. तुला मराठी येतं हे तर कुणाच्या बापाला कळता कामा नये. तिला आधी खोटं बोलू दे."

डॉक्टरचं नाव सुप्रभा निमकर. मीटिंगला मी केझीची सोबतीण म्हणून गेले. टिकली काढली, मंगळसूत्र पर्समध्ये टाकलं, पॅन्ट घातली आणि ओळख करून दिली, "सू, फॅमिली फ्रेंड." माझ्या नवऱ्यानं, सतीशनं, निघताना मला बघून देवासमोर हात जोडले.

तक्रार विभागाची प्रमुख हेलन नावाची गोरी बाई होती. समोर डॉक्टर निमकर आणि तिची ज्युनिअर अन्वी. निमकरबाई देखणी, आवाज लोण्यासारखा. केझीला जे सोसावं लागलं त्याबद्दल तिला अतीव दुःख वगैरे झालं होतं.

हेलननं विचारलं, "पेशंटसमोर तुम्ही दुसऱ्या भाषेत काय बोललात?"

"रक्ताच्या रिपोर्टबद्दल. अन्वी आणि मी दोघी मराठी, घाईत मातृभाषा येते तोंडात. दुसरं काहीही नाही. केझायाला आमची भाषा येत नाही, त्यामुळे टोनवरून तिचा गैरसमज झाला असणार. तिचा दोष नाही, ती खूप वेदनेत होती."

"दुसरं काहीही नाही? नक्की?"

"नक्की."

अन्वी टेबलाकडे बघत होती. हेलननं निमकरबाईचं उत्तर टिपून घेतलं. मी टेबलाखाली केझीचा गुडघा दाबला.

"डॉक्टर," केझी मराठीत म्हणाली, "आज मी वेदनेत होती म्हणता. तेव्हा नाटकं म्हणाला होता तुम्ही."

निमकरबाईचा चेहरा असा पडला की काय सांगू. अन्वीनं तोंडावर हात दाबला. आणि केझीनं ती सगळी वाक्यं, एक शब्दही न गाळता, त्याच लोण्यासारख्या आवाजात ऐकवली.

हेलन गोंधळली. "ही काय म्हणतेय?"

मी सांगू शकले असते. जिभेवर होतं. पण केझी इंग्लिशमध्ये म्हणाली, "डॉक्टरच सांगतील. त्यांचीच वाक्यं आहेत."

मग माझ्याकडे वळून निमकरबाई मराठीत पुटपुटली, "तुम्हीपण मराठी आहात ना? अहो, माझी नोकरी जाईल. आपल्यातलं आपल्यात मिटवू. मी पाया पडते."

"इंग्लिशमध्ये, प्लीज," हेलन म्हणाली.

निमकरबाईनं सुरुवात केली. "मी असं म्हणाले की काही समाजांत वेदना वेगळ्या पद्धतीनं—"

"नाही," केझी म्हणाली. "काळ्यांची कातडी."

बाई एकेक वाक्य भाषांतर करत गेली. कुठे शब्द मऊ केला की केझी थांबवायची आणि ती तो पुन्हा नीट म्हणायची. नाटकं या शब्दाशी निमकरबाई रडायला लागली. हेलननं पेन खाली ठेवलं होतं. "अन्वी, हे खरं आहे?" अन्वीनं होकारार्थी मान हलवली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला सतीशची बायपास नीट झाली तेव्हाच वाटलं होतं.

"आय ॲम सॉरी," निमकरबाई म्हणाली. मग मराठीत, "मला माफ कर गं."



"नाही करणार," केझी म्हणाली. "आणि पुढचा वाक्य राहिला. 'चल, पुढची बघू.' तोपण सांगा त्यांना."