चुन्याच्या बोटाचा हिशेब

मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. माझ्या काचेला तडा आहे आणि त्या तड्यात पांढरा चुना बसला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सगळ्यांना माफ करून टाकतात. मी केलेलं नाही. क्षण धरून ठेवणं हा माझा धंदाच. मग अपमान तेवढा का सोडू?

बेंबळीच्या शाळेत मी धावण्याच्या शर्यती मोजायचो. बाहत्तर साली पाऊस रुसला आणि शर्यतीही बंद पडल्या. गणिताचे शांतलिंग मास्तर सुट्टीत पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर मस्टर लिहायला गेले. मी त्यांच्या खिशात होतो.

तिथं बायकांच्या चार टोळ्या मातीच्या पाट्या भरावावर टाकत. प्रत्येक टोळीत दहा जणी. तासाला चारशे पाट्या पडत. मग आणखी चार टोळ्या आल्या. माणसं दुप्पट झाली, पाट्या मात्र चारशेच!

मुकादम हिंमतरावानं ताबडतोब निदान केलं. "बाया आळशी हैत. त्या पुतळाबाईची टोळी लईच रेंगाळती. सोमवारी समद्यांची नावं कमी करा."

नाव कमी झालं की काम गेलं, आणि पंचक्रोशीत दुसरं काम नव्हतं. पण पुतळाबाई रडली नाही. डोक्यावरची पाटी सावरत म्हणाली, "चालायला कोण न्हाय म्हणतंय, मुकादम? तुमचं बोट मोकळं झालं की चालतोच की आमी."

बोट! पाटी शिगोशीग भरली आहे याची खूण म्हणून मातीवर चुन्याचं बोट लावायचं, हा हिंमतरावाचा स्वतःचा नियम. बोट वाटीत, बोट मातीवर. मधूनच तंबाखू मळायची. ऐंशी बायका आणि बोट एक.

मास्तरांनी मला बाहेर काढलं. पुतळाबाईच्या एका खेपेला बारा मिनिटं लागली. त्यातली पाच भरण्या-चालण्याची. उरलेली सात ती भरली पाटी डोक्यावर घेऊन रांगेत उभी होती.

"मुकादम, बाया आळशी नाहीत. त्या तुमच्यासाठी थांबल्यात," मास्तर म्हणाले.

हिंमतरावानं मला हिसकावलं. "तुमी मस्टर लिवा, मास्तर. हे कांद्याएवढं डबडं मला काम शिकवणार व्हय? घ्या, ह्याला बी चुना!" माझ्या तोंडावर बोट फिरवून त्यानं मला मुरमावर आपटलं. बायांसमोर! काच तडकली. पण मी चालूच राहिलो. त्या क्षणी मी मनात बटण दाबलं, ते आजतागायत सोडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर साहेब आले. मास्तरांनी त्यांच्याकडून एक तास बोट बंद करवलं. नऊशेच्या वर पाट्या पडल्या. पुतळाबाईच्या टोळीची नावं राहिली. ती हिंमतरावाला म्हणाली, "आता निवांत तंबाखू मळा. कुणाचा खोळंबा न्हाय."

एवढ्यानं माझं भागलं नाही.

पुढे मास्तर पुण्याला शिकायला गेले, संशोधक झाले. अठ्ठ्याऐंशी साली त्यांच्या प्रयोगशाळेत एक मोठं गणित आठ संगणकांत वाटून एकाच वेळी सोडवायचे. एकाला आठ तास लागणारं काम आठांनी तासाभरात उरकावं ना? ते पाच तास घेत. मोठे साहेब म्हणाले, "आणखी आठ आणू."

मास्तर हसले. त्यांनी यंत्राच्या पोटात जागोजागी बारीक घड्याळं पेरली. मी टेबलावर, वडीलधाऱ्यासारखा. निकाल आला: सात संगणक ताटकळत होते, कारण कामाचा वाटा एकटा आठवाच देत होता. मास्तरांनी त्या ताटकळण्याचा लाल पट्टा आलेखावर रंगवला आणि वर नाव लिहिलं: हिंमतराव.

तेव्हापासून काम अडलं की तिथली तरणी मंडळी विचारतात, "हिंमतराव सापडला का?"

बातमी बेंबळीला पोचली. मास्तर गावी आले तेव्हा म्हातारा हिंमतराव वेशीतच भेटला. "मास्तर, पुण्याच्या यंत्रात आमचं नाव हाय म्हणं?"

"हाय की. तुमच्यापाशीच समदं आडून बसतंय बघा."

म्हाताऱ्यानं गावभर पेढे वाटले. मित्रांनो, मी मास्तरांच्या त्याच खिशात टिकटिकत होतो. इतका गोड सूड कुठल्या घड्याळाला मिळाला असेल?

म्हणून सांगतो, कुणाला आळशी म्हणण्याआधी तो कुणासाठी थांबलाय ते मोजा. मला अधूनमधून चावी द्या, ओलीत ठेवू नका. काच पुसलीत तरी चालेल. तड्यातला चुना मात्र राहू द्या. तो माझा आहे.